तेश्कितोतेच्या अंगणातली हाराना

फळी हातात आली की ती आधी कानाशी जाते. एका कडेला दोन बोटांत सैल धरायची, मधोमध बोटाच्या पेराने टकटक करायची आणि ऐकायचं. आवाज बसका, मेलेला आला तर ती फळी दाराला किंवा पाटाला जाते. आवाज क्षणभर रेंगाळला तर ती वाद्याच्या तबलीसाठी बाजूला ठेवायची. वाद्य घडवणारे जगभर लाकूड असंच पारखतात. मेक्सिकोच्या सान लुईस पोतोसी राज्यातल्या तेश्कितोते या नाहुआ गावात ही टकटक घराच्या अंगणात चालते. शेजारी कोंबड्या फिरत असतात, दोरीवर कपडे वाळत असतात आणि आढ्याला अर्ध्या झालेल्या वाद्यांच्या दांड्या टांगलेल्या असतात.

मेक्सिको सिटीहून उत्तरेला अमेरिकेच्या सीमेकडे जाणारा ८५ क्रमांकाचा महामार्ग सिएरा माद्रे ओरिएंताल या डोंगररांगेतून वळणं घेत खाली उतरतो. तामासुन्चाले मागे पडलं की माटलापा लागतं. ‘जाळ्यांची जागा’ असा या नावाचा अर्थ सांगतात. १९९४ पर्यंत माटलापा तामासुन्चालेच्याच कारभाराखाली होतं, मग त्याचा वेगळा तालुका झाला. तेश्कितोते याच तालुक्यात येतं. हवा दमट, डोंगर हिरवेगार, उतारावर कॉफी आणि संत्र्याची झाडं. आपल्या सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून खाली कोकणात उतरताना जसं वाटतं, बरंचसं तसंच इथे वाटावं.

हा सगळा प्रदेश हुआस्तेका म्हणून ओळखला जातो. नकाशावर तो एका राज्याचा नाही. सान लुईस पोतोसी, वेराक्रूस, इदाल्गो, तामाउलिपास, पुएब्ला आणि केरेतारो या राज्यांचे तुकडे मिळून तो होतो. इथे तेनेक, नाहुआ, ओतोमी, तोतोनाक असे अनेक समाज शेजारी शेजारी राहतात. त्यांतले नाहुआ म्हणजे आस्तेक लोकांची नाहुआत्ल भाषा बोलणारे. २०२० च्या जनगणनेत ही भाषा बोलणारे साडेसोळा लाख लोक मोजले गेले. मेक्सिकोतल्या मूळ भाषांमध्ये हीच सर्वांत मोठी.

मराठी घरात ही भाषा रोज ऐकू येते, फक्त आपल्याला पत्ता नसतो. टोमॅटो हा शब्द नाहुआत्ल ‘तोमात्ल’वरून आला. चॉकलेटही तिथलंच. घोलवड-डहाणूच्या बागांमधून आपल्याकडे येणारा चिकूसुद्धा नाव घेऊन आला तो तिथूनच. नाहुआत्लमधलं ‘शिकोत्सापोत्ल’ स्पॅनिशमध्ये ‘चिकोसापोते’ झालं आणि आपल्यापर्यंत येईतो त्याचं नुसतं डोकं उरलं.

तेश्कितोतेची ख्याती मात्र वाद्यांची. गावातल्या कित्येक घरांनी पिढ्यान् पिढ्या हेच काम केलं आहे. इथे प्रामुख्याने तीन वाद्यं घडतात, आणि ती तिन्ही एकत्र आली की त्रिओ हुआस्तेको होतो. पहिलं व्हायोलिन, जे सूर धरतं आणि गाण्याच्या दोन ओळींमधल्या जागा नक्षीने भरून काढतं. दुसरी हाराना, लहान, पाच तारांची, तीक्ष्ण आवाजाची. तिसरी हुआपांगेरा, खोल पोटाची आणि आखूड दांडीची, आठ तारा पाच जागी विभागलेल्या. खर्जाची बाजू तिच्याकडे. या तिघांच्या साथीने गायलं-नाचलं जातं ते हुआपांगो. गायक मधूनच आवाज एकदम वरच्या पट्टीत उडवतो आणि तितक्याच सहज खाली आणतो. नाचणारे लाकडी फळ्यांच्या मंचावर टाचा आपटतात, म्हणजे चौथं वाद्य पायाखाली असतं. ‘हुआपांगो’ हा शब्दच नाहुआत्लमधल्या ‘लाकडावर’ अशा अर्थाच्या शब्दावरून आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

हारानाच्या पाच तारा कशा लावतात हे आपल्या सरगमच्या भाषेत चटकन कळतं. सर्वांत खालच्या तारेला सा मानलं तर पुढच्या तारा ग, प, शुद्ध नी आणि वरचा रे. एक सोडून एक स्वर, अशी ही सरळ चढण. लय सहा मात्रांची. आपला दादरा ऐकणाऱ्याला ती परकी वाटत नाही. पण तेच सहा ठोके कधी तीन-तीन असे दोन भागांत पडतात, तर कधी दोन-दोन असे तीन भागांत, आणि बरेचदा दोन्ही एकाच वेळी चालू असतात. हाराना वाजवणारा उजव्या हाताने तारा छेडतो आणि त्याच झटक्यात तळहाताने त्या दाबून आवाज तोडतो. तो तुटलेला ‘चक्’ हाच हुआपांगोचा ठेका. त्यासाठी वाद्य हलकं हवं, चटकन बोलणारं आणि चटकन गप्प होणारं हवं. घडवणाऱ्याची सगळी धडपड त्यासाठी असते.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी. ही तिन्ही तारवाद्यं स्पेनची देणगी आहेत. स्पॅनिश लोक १५१९ मध्ये येण्यापूर्वी या भूमीत तारेचं वाद्य असल्याचा पक्का पुरावा नाही. होते ते ढोल, बासऱ्या, शंख आणि खुळखुळे. उभा ढोल म्हणजे हुएहुएत्ल. आडवा पोकळ ओंडका म्हणजे तेपोनास्त्ली. त्याच्या पाठीवर इंग्रजी ‘एच’सारखी चीर पाडून दोन जिभा मोकळ्या केलेल्या असतात आणि रबर लावलेल्या काठ्यांनी ठोकलं की दोन वेगवेगळे सूर निघतात. हे ढोल कुठून आले याची एक कथा मेन्दिएता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवली आहे. तेस्कात्लिपोका देवाने आपल्या एका भक्ताला सूर्याच्या घरून गाणारे आणायला पाठवलं. कासव, जलपरी आणि देवमासा यांनी पाण्यावर पूल केला. सूर्याने आपल्या माणसांना बजावलं की याच्या गाण्याला ओ देऊ नका, जो ओ देईल त्याला जावं लागेल. तरीही काहींना राहवलं नाही, त्यांनी ओ दिली, आणि त्यांच्याबरोबर हुएहुएत्ल आणि तेपोनास्त्ली पृथ्वीवर आले. आपली वाद्यं पाहुण्याच्या हाकेला भुलून सूर्याच्या घरून निघाली, असं मानणाऱ्या लोकांसमोर पुढे व्हायोलिनचे पूर्वज आले.

आणि या लोकांनी ते किती झपाट्याने आपलेसे केले! १५२३ मध्ये आलेल्या पेद्रो दे गान्ते या धर्मगुरूने शाळा काढून गाणं आणि हस्तकला दोन्ही शिकवायला सुरुवात केली. १५२४ मध्ये आलेल्या मोतोलिनिया या धर्मगुरूने आपल्या इतिहासात एका स्थानिक तरुणाची हकिगत दिली आहे. एक स्पॅनिश माणूस राबेल, म्हणजे व्हायोलिनचा जुना चुलतभाऊ, वाजवत असे. त्या तरुणाने ते वाद्य पाहून स्वतःच तसं एक घडवलं आणि मग शिकवण्याची विनंती केली. तीन धडे झाले, दहा दिवसांत तो बासऱ्यांच्या मेळात राबेल वाजवू लागला. आधी वाद्य घडवलं, मग शिकला, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. थोड्याच वर्षांत गावोगावच्या चर्चमध्ये वादकांची इतकी गर्दी झाली की १५५५ च्या धर्मपरिषदेला वाद्यांवर बंधनं घालावी लागली आणि १५६१ मध्ये राजा दुसरा फिलिप याने वादकांची संख्या कमी करण्याचा हुकूम काढला. हुकुमांनी चर्चमधली गर्दी ओसरली असेल. खेड्यांतल्या अंगणांत मात्र करवती आणि पटाश्या चालूच राहिल्या, आणि तेश्कितोतेची आजची अंगणं त्याच ओळीत येतात.

आता पुन्हा लाकडाकडे. हुआस्तेकातल्या वाद्यांचं मुख्य लाकूड म्हणजे तांबडं सेद्रो, शास्त्रीय नाव सेद्रेला ओदोराता. ओदोराता म्हणजे सुगंधी. उंची सिगार ज्या लाकडी पेट्यांत ठेवतात त्या याच लाकडाच्या. रंधा फिरला की कडसर-गोड, मिरीसारखा वास अंगणभर पसरतो आणि वाद्य जुनं झालं तरी त्याच्या पोटातून तो येत राहतो. हलकं, कापायला सोपं आणि कीड सहसा न लागणारं हे लाकूड. युरोपात व्हायोलिनची तबली स्प्रूसची आणि पाठ मेपलची करतात. इथे ती लाकडं सहज मिळत नाहीत, म्हणून व्हायोलिनही सेद्रोचं. त्याचा आवाज युरोपी व्हायोलिनपेक्षा थोडा गडद आणि मातकट येतो. हुआपांगोला तोच शोभतो.

या सेद्रोचं आपल्याशी नातं आहे, तेही खरंखुरं. मिरजेच्या सतारमेकर मंडळींना तूण हे लाकूड चांगलंच ठाऊक. सतार आणि तंबोऱ्याच्या दांड्या-तबल्या त्याच्या करतात. तूण आणि सेद्रो एकाच कुळातले. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी तुणीलाही सेद्रेला याच नावाखाली धरत, ‘सेद्रेला तूना’ म्हणत. मिरज आणि तेश्कितोते यांच्यात दोन महासागरांचं अंतर आहे, आणि एकमेकांचं नावही न ऐकलेल्या कारागिरांनी लाकडाच्या एकाच घराण्यावर बोट ठेवलं.

काम कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. ओंडका आधी वाळवायचा. दमट हवेत हे सर्वांत जिकिरीचं. लाकूड ओलं राहिलं तर वाद्य तयार झाल्यावर सांधे उघडतात. झाड तोडतानाही चंद्राच्या कला पाहण्याची रीत मेक्सिकोच्या खेड्यांत सर्रास आढळते, नाहीतर लाकडाला भुंगा लागतो असं म्हणतात. कोकणातला शेतकरी बांबू तोडताना पंधरवडा पाहतो, त्याला हे नवल वाटणार नाही. मग दांडी. तिचा ढोबळ आकार कोयत्याने आणि वाकसाने काढतात. कोयता हे इथलं घरातलं, शेतातलं, सगळीकडचं हत्यार, आणि सरावलेल्या हातातला कोयता लाकडाचा पापुद्रा कागदासारखा पातळ काढतो.

सर्वांत नाजूक काम बाजूच्या पट्ट्या वाकवण्याचं. शेजारच्या वेराक्रूसच्या किनाऱ्यावरची हाराना एकाच ओंडक्यातून कोरून काढतात, पोटासकट. हुआस्तेकातल्या हारानाची पाठ, बाजू आणि तबली वेगवेगळ्या करून जोडतात, गिटारसारख्या. बाजूची पट्टी दोन-तीन मिलिमीटरची. ती पाण्यात भिजवायची, लोखंडी नळी विस्तवावर तापवायची आणि पट्टी तिच्यावर टेकवून हळूहळू दाब द्यायचा. वाफेबरोबर सेद्रोचा वास उठतो. लाकूड आधी अडतं. मग अचानक एका क्षणी ते ढिलं पडतं आणि हाताबरोबर येतं. तो क्षण हाताला कळतो, डोळ्यांना नाही. घाई केली तर रेषेवरून तडा जातो आणि आठवडाभराची मेहनत चुलीत जाते. वाकलेली पट्टी साच्यात बसवून थंड होऊ द्यायची, मग पाठ चिकटवायची, दोरीने किंवा रबरी पट्ट्यांनी करकचून बांधून ठेवायची.

तबली सगळ्यांत शेवटी पातळ होते. रंधा, मग काच किंवा पात्याने खरवडणं, पुन्हा टकटक, पुन्हा खरवडणं. आतून आधाराच्या पट्ट्या लावतात, कारण तारांचा ताण घोडीपाशी एकवटतो. पट्टी जाड झाली तर आवाज कोंडतो, बारीक झाली तर वर्षभरात तबली खचते. याचं माप सांगता येत नाही, ते त्या त्या फळीवर ठरतं. मुलगा बापाच्या शेजारी बसून तीच फळी ठोकून पाहतो, हे त्याचं शिक्षण.

पडद्यांचं मात्र गणित आहे. पहिला पडदा पूर्ण तारेच्या सुमारे अठराव्या भागावर, दुसरा त्यानंतर उरलेल्या लांबीच्या अठराव्या भागावर, असं करत गेलं की बाराव्या पडद्याशी तार जवळपास निम्मी होते आणि वरचा सा मिळतो. १५८१ मध्ये हा नियम ग्रंथात मांडणारा विन्चेन्सो गालिलेई हा खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचा बाप. खेड्यातल्या कारागिराला भागाकार करत बसायची गरज पडत नाही. बापजाद्यांकडून आलेली खुणांची एक पट्टी असली की भागतं.

मग ही वाद्यं जातात कुठे? काही बाजारात, काही हुआपांगोच्या मेळ्यांत. पण त्यांचं खरं घर वेगळं आहे. हुआस्तेकातले नाहुआ ज्याला नुसतं ‘कोस्तुम्ब्रे’ म्हणजे रीत म्हणतात, त्या मक्याच्या आणि पावसाच्या विधींत शब्दांविना वाजवायच्या सुरावटी असतात. रात्रभर त्या एकामागून एक वाजतात. फुलांची मांडणी, नैवेद्य, नाच, निरोप, प्रत्येक वेळेची सुरावट वेगळी. मक्याचा देव चिकोमेशोचित्ल, म्हणजे ‘सात फूल’, त्याच्यासाठी हे सगळं. लग्नातली प्रसिद्ध सुरावट म्हणजे शोचिपित्साउआत्ल, ‘नाजूक फूल’. हार्प, राबेल आणि कार्तोनाल नावाची छोटी गिटार यांचा मेळही इथल्या विधिनृत्यांत असतो. अनेक ठिकाणी वादन सुरू करण्यापूर्वी वाद्याला कोपालचा धूप दाखवतात, उसाच्या दारूचे चार थेंब वाहतात. खंडेनवमीला तबल्या-पेटीला हळदकुंकू वाहणाऱ्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. परक्यांनी आणलेलं वाद्य इथे मक्याच्या देवासमोर बसतं, आणि ते आता परकं आहे असं त्या अंगणात कुणालाही वाटत नाही. नाहुआत्लमध्ये वाद्य वाजवणं यासाठी जो शब्द आहे त्याचं मूळ ‘ठोकणं’ यात आहे. ढोलासाठी असलेला तो शब्द पुढे व्हायोलिनलाही लागू झाला.

ऑक्टोबरच्या अखेरीस शान्तोलो येतो. लॅटिन ‘सांक्तोरुम’, म्हणजे ‘संतांचा’, नाहुआ जिभेवर रुळून शान्तोलो झाला. मेलेल्यांचे आत्मे घरी येतात म्हणून दारात कमान उभारायची आणि ती झेंडूने मढवायची. हा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. नाहुआत्लमध्ये त्याचं नाव सेम्पोआलशोचित्ल, म्हणजे ‘वीस फूल’. आपल्या दसऱ्याच्या तोरणातलं फूल तिथे पितरांची वाट उजळतं. मुखवटे घालून नाचणाऱ्यांची टोळी घरोघर फिरते आणि तिच्यामागे व्हायोलिन, हाराना आणि हुआपांगेरा चालतात.

अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. सेद्रो जंगलातून इतका तोडला गेला की मेक्सिकोत त्याला विशेष संरक्षण दिलं गेलं. २०२० पासून अमेरिका खंडातल्या सेद्रोचे ओंडके, फळ्या आणि प्लायवूड यांच्या देशाबाहेरच्या व्यापारावर साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आली. मग लागवड करावी, असं कुणीही म्हणेल. पण सेद्रोच्या ओळीने लावलेल्या रोपांवर एक पतंग तुटून पडतो. त्याची अळी शेंड्याच्या कोंबात शिरून तो पोखरते, झाड सरळ वाढायचं सोडून फाटे फोडतं आणि वाद्याला लागणारा लांब सरळ ओंडका मिळतच नाही. कॉफीच्या बागेत सावलीसाठी मधूनमधून लावलेलं सेद्रोचं झाड त्यातल्या त्यात बरं वाढतं, म्हणून डोंगरावरचे शेतकरी ते जपतात. पण ते तयार व्हायला वर्षं जातात.

दुसरी अडचण पैशाची. मिचोआकान राज्यातल्या पाराचो या पुरेपेचा लोकांच्या गावात गिटारींचा मोठा धंदा आहे, परदेशी कारखान्यांची स्वस्त वाद्यं सगळीकडे आहेत, आणि अंगणात हाताने घडलेली हाराना त्यांच्याशी किमतीत टिकत नाही. मधला व्यापारी कमी भावाने उचलतो आणि शहरात चढ्या भावाने विकतो; वाद्यावर घडवणाऱ्याचं नाव नसतं. मुलं मोन्तेर्रेईला किंवा थेट अमेरिकेत मजुरीला जातात. त्याच वेळी मेक्सिकोच्या शहरांत आणि सीमेपलीकडच्या वस्त्यांत मुलामुलींना हुआपांगो शिकवणारे वर्ग सुरू आहेत आणि त्यांना हाराना हवी असते. मागणी आहे. ती कारागिराच्या अंगणापर्यंत पोचत नाही, हे दुखणं आहे. सरकारी मदतीतून यावर तोडगा निघेल अशी आशा धरण्यापेक्षा घेणाऱ्यानेच सरळ गावात जाणं जास्त उपयोगाचं.

मराठी प्रवासी आता मेक्सिकोला जाऊ लागले आहेत. हुआस्तेकातल्या हिलित्ला गावाजवळ एडवर्ड जेम्सने जंगलात उभारलेली लास पोसास ही स्वप्नातल्यासारखी बाग पाहायला लोक जातात. तेश्कितोते तिथून फार लांब नाही. जाणाऱ्याने अर्धा दिवस इकडे द्यावा. वाद्य दुकानातून घेऊ नये, अंगणातून घ्यावं, तार चढवून वाजवून दाखवायला सांगावं आणि भाव करू नये. वाद्याच्या पोटात कारागिराला आपलं नाव पेन्सिलीने लिहायला सांगावं. घरी आल्यावर कुणी विचारलं तर ते नाव सांगता येईल.